विश्लेषण : तारकर्लीहून परतताना ट्रेलर का डुलतो?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक कुटुंब पिकअपच्या मागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून मुंबईहून तारकर्लीला येते, असे समजू. येताना ट्रेलर अगदी रेषेत चालतो. चार दिवसांनी तीच पिकअप, तोच ट्रेलर आणि तोच चालक परतीला लागतात. कणकवली मागे पडते, खारेपाटणच्या दिशेने उतार सुरू होतो आणि आरशात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घेताना दिसू लागतो. मधल्या चार दिवसांत बदलले काय? ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात हापूसच्या सहा पेट्या आणि सुरमई भरलेला बर्फाचा डबा आला, एवढेच.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. एकसंध मोटारगाडीसारख्या कॅम्परव्हॅनबरोबर मागे जोडून ओढायच्या ट्रेलरचाही त्यात विचार आहे. कोकणात हॉटेलच्या खोल्या मे महिन्यात मिळेनाशा होतात, त्यामुळे स्वतःची खोली मागे ओढत आणण्याची कल्पना अनेकांना मोहवते. शिवाय पिकअप हे वाहन सिंधुदुर्गाला नवे नाही. मासळी, काजू बी, आंबा, चिरे, मांडवाचे सामान, सगळे पिकअपमधूनच जाते. नवी आहे ती मागे चाकांवर चालणारी, पिकअपपेक्षा उंच आणि पोकळ पेटी. पाठीवर ओझे घेणे आणि मागे ओझे ओढणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे बहुतेकांना पहिल्या हेलकाव्यालाच कळते.

ट्रेलर डुलतो म्हणजे नेमके काय होते?

ट्रेलर पिकअपला एका बिंदूवर जोडलेला असतो, टो बॉलवर. त्या बिंदूभोवती तो डावी-उजवीकडे फिरू शकतो, तसा फिरला नाही तर वळणच घेता येणार नाही. समोरून एसटी किंवा कंटेनर वेगाने गेला, बाजूने वाऱ्याचा झोत आला किंवा चाक खड्ड्यातून गेले की ट्रेलर थोडा तिरका होतो. तिरका झाला की त्याचे टायर रस्त्याला घासून त्याला पुन्हा सरळ करू पाहतात. तो सरळ होतो, पण वेगामुळे मध्यावर न थांबता पलीकडे जातो आणि पुन्हा परत येतो. घड्याळाच्या लंबकासारखेच हे आहे, फक्त आडवे.

प्रत्येक हेलकाव्यात टायर थोडी ऊर्जा खाऊन टाकतात, म्हणून कमी वेगात दोन-तीन हेलकाव्यांत सगळे शांत होते. वेग वाढतो तशी टायरची ही हेलकावा शमवण्याची ताकद घटत जाते. एका ठरावीक वेगाला ती शून्यावर येते. त्या वेगाच्या पुढे उलटे घडू लागते: प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर पिकअपची शेपटी धरून तिला रस्त्यावर आडवी करतो. हा ठरावीक वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो आणि सामान कसे ठेवले यावर तो दर फेरीला बदलतो. नीट भरलेल्या ट्रेलरचा तो वेग तुम्ही कधी गाठणारच नाही इतका वर असतो. चुकीचा भरलेला ट्रेलर ८० लाच सुटू शकतो.

सिंधुदुर्गात हा प्रश्न आता का उद्भवतो, याचे उत्तर रस्त्यात आहे. जुना दुपदरी मुंबई-गोवा महामार्ग वळणावळणाचा होता, ५०-६० च्या वर जाणे अवघड होते. तेव्हा चुकीचा भरलेला ट्रेलरही निमूट मागे आला असता. आता काँक्रीटचा चौपदरी रस्ता आहे आणि नकळत काटा ९० वर जातो. रस्ता सुधारला, पण ट्रेलरची जी चूक पूर्वी झाकून राहिली असती ती आता उघडी पडते.

बैलगाडी ‘उलाळते’ तेव्हा

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोकणातल्या आणि घाटावरच्याही जुन्या गाडीवानांना पक्की ठाऊक होती. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त भार झाला की गाडी उलाळते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. म्हणून गाडीवान पोती रचताना थोडा भार मुद्दाम पुढे ठेवत आणि तो किती झाला हे जू हाताने उचलून बघत. फार पुढे झाला तर बैलांच्या मानेवर ओझे येते. थोडा, पण नक्की पुढे, असा तो हिशेब.

ट्रेलरचेही तेच आहे. ट्रेलरची पुढची दांडी टो बॉलवर किती किलोने दाबली जाते, यावर त्याचे सरळ चालणे ठरते. अमेरिकेत, जिथे पिकअपने ट्रेलर ओढण्याची मोठी परंपरा आहे, तिथे ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा असा दंडक आहे. ब्रिटनमध्ये मोटारींच्या मागे हलके कॅरॅव्हॅन असतात आणि ५ ते ७ टक्के पुरेसे मानतात. पण तिथल्या गाड्यांचे टो बॉल जास्त भार सोसत नाहीत आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला मोटरवेवरही ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची मर्यादा आहे. पिकअपसाठी १० ते १५ टक्के हाच आकडा धरलेला बरा. मात्र वरची मर्यादा पिकअपच्या आणि टो हूकच्या पुस्तिकेत छापलेली असते, तिच्या पुढे जायचे नाही.

आता त्या हापूसच्या पेट्यांचा हिशेब करू. ट्रेलरचे भरलेले वजन १२०० किलो आणि दांडीवरचा भार १४० किलो, म्हणजे सुमारे १२ टक्के. मुंबईहून येताना सगळे ठीक. टो बॉलपासून ट्रेलरच्या आसापर्यंतचे अंतर ४ मीटर आहे. पाच डझनांची एक पेटी लाकडासकट २० किलोची धरली तर सहा पेट्या १२० किलो, वर बर्फाचा डबा ३० किलो. हे १५० किलो आसाच्या मागे २ मीटरवर, मागच्या कप्प्यात गेले. जत्रेतल्या ढेंगूळपाळण्याप्रमाणे मागची बाजू दाबली की पुढची उचलते: १५० गुणिले २ भागिले ४, म्हणजे दांडीवरचा ७५ किलो भार कमी झाला. उरले ६५ किलो. ट्रेलरचे वजन मात्र १३५० झाले. १२ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांच्या खाली.

याच पेट्या पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या पुढे ठेवल्या असत्या, तर दांडीवरचा भार १४० किलोच राहिला असता. पिकअपही थोडी जड झाली असती, आणि ओढणारे वाहन जितके जड तितके ते मागच्या ढकलाढकलीला दाद देत नाही.

पाण्याच्या टाक्या हा याच प्रकारातला छुपा चोर आहे. निघताना पुढची गोड्या पाण्याची टाकी भरलेली असते. चार दिवसांत ती रिकामी होते आणि मागची सांडपाण्याची टाकी भरते. कुणी एक वस्तूही हलवली नाही, तरी भार पुढून मागे गेलेला असतो.

भार किती, त्याहून कुठे?

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातील अभियंत्यांनी यासाठी खास एक ट्रेलर बनवला. त्याचे वजन, वजनाची जागा आणि आसाची जागा हवी तशी बदलता येत होती. तो प्रत्यक्ष मोटारीमागे जोडून त्यांनी चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. ट्रेलरचे नुसते वजन वाढल्याने अस्थिरता फारशी वाढत नाही. दांडीवरचा भार, आसाची जागा आणि वजन दोन टोकांना विखुरले आहे की मध्याजवळ गोळा केले आहे, या तीन गोष्टी निर्णायक ठरतात, असे त्यांना आढळले.

तिसरा मुद्दा समजायला कावड आठवावी. खांद्यावरच्या कावडीची दोन टोके भरलेली असली की ती एकदा फिरू लागली तर थांबवायला जोर लागतो. तेवढेच वजन मधोमध, खांद्याजवळ बांधले तर हाताने सहज थांबते. ट्रेलरमध्येही पुढच्या टोकाला गॅसचे सिलिंडर, बॅटरी आणि मागच्या टोकाला सायकली, जादाचे चाक, पेट्या अशी वाटणी केली, तर दांडीवरचा आकडा बरोबर येईल. काटा खूश होईल. पण हेलकावा एकदा सुरू झाला की ती कावड लवकर थांबणार नाही. जड सामान आसाच्या आसपास, किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवणे, ही फुकटातली सर्वांत मोठी सुधारणा आहे. मागच्या बाहेरच्या जाळीवर टांगलेल्या सायकली हे तिच्या नेमके उलट टोक.

हे वजन मोजायचे कुठे?

अंदाजाने चालत नाही. पूर्ण ट्रेलरचे वजन ट्रकच्या वजनकाट्यावर करता येते. दांडीवरच्या भारासाठी तो काटा मात्र ओबडधोबड ठरतो, कारण असे काटे सहसा १० किंवा २० किलोच्या पटीतच आकडा दाखवतात. त्यासाठी काजू बी किंवा धान्य मोजायचा सपाट इलेक्ट्रॉनिक काटा सोयीचा. जिल्ह्यात काजू खरेदी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दुकानात तो असतो. सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, काट्यावर लाकडाचा ओंडका उभा करायचा आणि कपलर त्या ओंडक्यावर अलगद टेकवायचा. ओंडक्याची उंची अशी हवी की ट्रेलर प्रवासात असतो तसाच आडवा राहील. पुढून उचललेला ट्रेलर मोजला तर आकडा चुकतो. हे काम ट्रेलर पूर्ण भरल्यावर करायचे, आणि परतीला पुन्हा करायचे.

पिकअप मागून का बसते?

दांडीवरचा भार वाढवला की दुसरा प्रश्न उभा राहतो. टो बॉल पिकअपच्या मागच्या आसाच्याही मागे असतो. दोन आसांमधले अंतर ३ मीटर आणि टो बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर मागे असेल, तर १४० किलोच्या दांडीने मागच्या आसावर १९६ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे ५६ किलो कमी होतात. मागच्या सीटवर तीन माणसे आणि हौद्यात शेवटच्या टोकाला सामान असेल तर पुढची चाके आणखी हलकी होतात. स्टिअरिंग हलके लागते, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि ओल्या रस्त्यावर पुढचे ब्रेक कमी धरतात. आसांमधले अंतर जास्त आणि मागे लोंबणारा भाग कमी, अशी पिकअप म्हणूनच ओढण्यासाठी चांगली.

यावर गॅरेजमध्ये हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे कमानीला एक पाटा वाढवणे, किंवा आत हवेचे फुगे बसवणे. पिकअप मागून उचलली जाते, बघायला सरळ दिसते, मागचा भाग डावी-उजवीकडे कमी झुलतो. याचा उपयोग आहे. पण पुढच्या चाकांवरून गेलेला भार त्यामुळे परत येत नाही. तराजूचे पारडे खालून टेकू देऊन वर धरले म्हणून त्यातले वजन दुसऱ्या पारड्यात जात नाही, तसेच हे.

भार खरोखर पुढे नेणारे साधन म्हणजे भार वाटणारा हिच. टो हूकपासून दोन स्प्रिंगच्या दांड्या ट्रेलरच्या चौकटीखाली जातात आणि साखळीने वर ताणल्या जातात. हातगाडीचे दांडे मागून उचलले की पुढचे चाक दाबले जाते, त्याच तत्त्वावर मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसावर आणि थोडा ट्रेलरच्या आसावर जातो. पण त्यासाठी टो हूक, पिकअपची चौकट आणि ट्रेलरची दांडी तिन्ही तशा बनावटीची लागतात. लोहाराकडून पट्टी जोडून बनवलेल्या हूकवर हा प्रयोग करू नये. ती पट्टी सरळ ओढण्याचा ताण सोसते, पिळण्याचा ताण तिच्या वेल्डिंगने सोसावा अशी अपेक्षाच नसते.

दुसरे साधन घर्षणाची दांडी. ती पिकअप आणि ट्रेलर यांच्यात तिरकी बसते आणि ट्रेलरला बॉलभोवती फिरायला थोडा जोर लावायला भाग पाडते. हेलकावा लवकर विरतो. काही नव्या पिकअपमध्ये संगणक हेलकावा ओळखून एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावतो. दोन्ही साधने कामाची आहेत, आणि दोन्ही चुकीच्या भरलेल्या ट्रेलरवर पांघरूण घालू शकतात. घर्षणाच्या दांडीमुळे ८० ला होणारी डुलकी दिसेनाशी होते आणि चालक ९५ वर जातो, हा धोका साधन विकणारा सांगत नाही. आधी काटा, मग साधन, असा क्रम धरावा.

ट्रेलर किती मोठा चालेल, याचा एक ठोकताळा ब्रिटनमधले कॅरॅव्हॅनवाले वापरतात: भरलेला ट्रेलर रिकाम्या वाहनाच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावा. १८०० किलोच्या पिकअपला १५३० किलो. घाटरस्त्यांसाठी याहूनही हलका ठेवला तर कुणाचे नुकसान नाही. अंतिम शब्द अर्थात उत्पादकाच्या पुस्तिकेचा.

तारकर्लीची रेती आणि टायरची हवा

किनाऱ्याकडे मऊ रेतीत गाडी न्यायची तर टायरची हवा कमी करतात, हे आता पर्यटकांनाही माहीत झाले आहे. हवा पुन्हा भरायची मात्र राहून जाते. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत मऊ पडते आणि प्रत्येक हेलकाव्यात ती लवते. म्हणजे ट्रेलरला सरळ करणारा जोर उशिरा आणि कमी मिळतो. रेतीतून बाहेर पडल्यावर महामार्गावर येण्याआधी पिकअपच्या मागच्या टायरांत पूर्ण भाराची आणि ट्रेलरच्या टायरांत त्यांच्यावर नेमलेली हवा भरायलाच हवी, आणि ती टायर थंड असताना मोजायला हवी.

ट्रेलरचे टायर झिजून नव्हे तर उभे राहून म्हातारे होतात. वर्षातून दोन फेऱ्या, बाकी उन्हात मुक्काम. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी कोरी दिसत असली तरी तारीख बघावी.

घाट चढताना नाही, उतरताना

कोल्हापूर किंवा बेळगावकडून येणाऱ्यांना करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एक घाट उतरावाच लागतो. चढताना पिकअप ट्रेलरला ओढत असते, दोरी ताणलेली असते, त्यामुळे ट्रेलर बहुधा सरळ राहतो. उतारावर ट्रेलर मागून ढकलू लागतो. काठी शेपटाकडून ओढली तर सरळ येते, मागून ढकलली तर वाकडी पळते.

आंबोलीहून पायथ्यापर्यंत साधारण ६०० मीटरची उंची उतरायची असते. पिकअप, माणसे आणि ट्रेलर मिळून ३५०० किलो धरले, तर या उतरणीत जी ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते ती सुमारे ७० लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला पुरेल इतकी आहे. त्यातली काही हवा घेते, काही टायर. उरलेली इंजिनाने घेतली तर ठीक, नाही तर सगळी ब्रेकच्या चकत्यांवर. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरायचे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरण्याची सवय रिकाम्या गाडीतही वाईट आहे. ट्रेलर मागे असताना तर आधी ब्रेकचा वास येतो आणि मग ब्रेकच येत नाहीत.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे इथे कळीचे. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. साध्या प्रकारात ट्रेलर पुढे ढकलला गेला की कपलर आत सरकतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. विजेच्या ब्रेकमध्ये चालकाजवळ वेगळी कळ असते, आणि तिचा खरा उपयोग पुढच्या प्रसंगात होतो.

डुलायला लागलाच तर?

हेलकावा साधारण सेकंद-दोन सेकंदांचा असतो. माणसाला तो दिसून हात हलेपर्यंत ट्रेलर दुसऱ्या बाजूला निघालेला असतो. म्हणून स्टिअरिंगने त्याला ‘पकडायला’ जाणारा चालक नकळत त्याला झोके देत असतो. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरायचे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ असेल तर फक्त तीच हळूच दाबायची, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. पिकअपचा ब्रेक जोरात दाबला तर ट्रेलर पुढे ढकलतो आणि जोडणी कात्रीसारखी मिटते. ‘वेग वाढवला की सरळ होतो’ हा सल्ला काही जुने चालक देतात. क्षणभर तसे वाटतेही, पण नंतर वेग आणखी वाढलेला असतो आणि समोर वळण असते. उतारावर नुसता पाय काढून वेग घटत नसेल, तर पिकअपचा ब्रेक हलकेच, टप्प्याटप्प्याने लावायचा.

शांत झाल्यावर बाजूला थांबून सामान हलवायचे. तसेच पुढे निघायचे नाही, कारण ज्या कारणाने डुलला ते कारण अजून आतच असते.

वेळेचाही थोडा फायदा घेता येतो. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात. महामार्ग दक्षिणोत्तर जातो, म्हणजे हा वारा नेमका कुशीत बसतो आणि खाड्या-नद्यांवरच्या उघड्या पुलांवर तो अचानक लागतो. सकाळी लवकर निघालेला ट्रेलर यातून सुटतो. वेग ६०-७० च्या दरम्यान ठेवला तर बाकीच्या अनेक चुका माफ होतात. जर्मनीसारख्या देशातही ट्रेलर ओढणाऱ्या मोटारींना सर्वसाधारण मर्यादा ८० चीच आहे.

परवाना आणि नोंदणी

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी, मागे क्रमांक आणि चालू दिवे लागतात. विम्याच्या कागदावर त्याचा उल्लेख आहे का, हे निघण्यापूर्वी बघावे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. बाहेरून टो हूक बसवायचा असेल तर आधी आरटीओकडे विचारून घेणे शहाणपणाचे. जिल्ह्यातल्या एमएच ०७ च्या गाड्यांसाठी ते कार्यालय सिंधुदुर्गनगरीत आहे.

होड्यांच्या ट्रेलरचे काय?

मालवण किनाऱ्यावर खरे तर पर्यटकांच्या ट्रेलरपेक्षा होड्यांचे ट्रेलर जास्त. मे अखेरीस जलक्रीडा बंद होतात, १ जूनपासून यांत्रिक मासेमारीची बंदी लागते आणि फायबरच्या होड्या वर येतात. काही डागडुजीला दूर नेल्या जातात. किनाऱ्यावर ट्रॅक्टर असतो, रस्त्यावर पिकअप.

होडीच्या ट्रेलरला उलाळण्याचा रोग जन्मजात आहे, कारण इंजिन मागच्या टोकाला असते. एकाच्या जागी दोन इंजिने लावली, इंधनाची टाकीही मागेच राहिली, की दांडी हाताने उचलण्याइतकी हलकी होते. इथे सामान पुढे सरकवता येत नाही, तेव्हा होडीच पुढे सरकवायची: पुढचा विंचचा खांब सैल करून दांडीकडे न्यायचा. तेही जमत नसेल तर इंजिन उतरवून पिकअपच्या हौद्यात, पुढच्या बाजूला बांधायचे. होडी नाकाच्या दोरीने बांधलेली असतेच, पण तिचा मागचा भागही ट्रेलरला आवळलेला हवा, नाही तर ट्रेलर सरळ आणि होडी वाकडी चालते.

खाडीत ट्रेलर उतरवण्याची एक खोड अपघात उशिरा घडवते. लांबून आलेल्या ट्रेलरचे हब गरम असतात. ते थंड खाऱ्या पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. ग्रीस बिघडते, बेअरिंग गंजते आणि पुढच्या फेरीत चाक लटपटू लागते. त्या लटपटीने सुरू झालेला हेलकावा सामान कितीही नीट रचले तरी थांबत नाही. पाण्यात घालण्यापूर्वी अर्धा तास थांबणे, बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुणे आणि रस्त्याला लागल्यावर पहिल्या वीसेक किलोमीटरला उतरून हबला हात लावून बघणे, एवढ्याने हे टळते. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त गरम लागला तर तिथेच थांबायचे.

आणि जूनच्या पहिल्या सरींत होडी नेणार असाल तर तळातले बूच काढून ठेवावे. होडीत साचलेले पावसाचे शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते एका जागी राहत नाही. चढाला मागे वाहते, उताराला पुढे, आणि वळणावर बाजूला.